मंद आचेवरचा राग

इंग्रजी बोलणारा माणूस रागावला की त्याची भाषा थेट स्वयंपाकघरात शिरते. आधी तो ‘सिमर’ होत असतो. वरून शांत, तळाशी बारीक बुडबुडे. मग ‘सीद’ करायला लागतो, मग ‘बॉइल’, आणि दाबून दाबून ठेवलेलं एकदाचं उसळलं की ‘बॉइल ओव्हर’. जो राग बाहेर पडतच नाही, माणसाला आतल्या आत रटरटवत ठेवतो, त्याच्यासाठी ‘स्ट्यू’ आहे. रागाखेरीज बाकीच्यांचीही सोय आहे. ताजं दुःख ‘रॉ’ असतं, कामाने पिट्ट्या पडलेला मेंदू ‘फ्राइड’ असतो, अपेक्षाभंगाने माणूस ‘बिटर’ होतो आणि जुळता जुळता बिघडलेलं नातं ‘सावर’. एखाद्याला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं तर तो ‘ग्रिल’ झाला, चारचौघांत त्याची टर उडवली तर ‘रोस्ट’.

माझं पोट इंग्रजी मजकुरावर चालतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, वाढलेलं कापायचं, घसरलेलं सावरायचं. त्यामुळे हे शब्द रोज हाताखालून जातात आणि वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झालेत की त्यांना अजून फोडणीचा वास येतो हे लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते लिहिणाऱ्याचा तोल गेला की. एका कथेत नायिकेचा राग पहिल्या ओळीत मंद आचेवर होता, दुसऱ्या ओळीत त्याचा स्फोट झाला आणि तिसऱ्या ओळीत तो बर्फासारखा गोठला. मधे कुठे गॅस बंद केल्याचं चिन्ह नाही. मी समासात लिहिलं, ‘तापमान तपासा.’ लेखकाला वाटलं मी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. या क्रियापदांची खरी दौलत त्यांच्या उष्णतेत नाही, त्यांच्या क्रमात आहे. ‘मला राग आला’ म्हटलं की गोष्ट संपते. ‘सिमर’ म्हटलं की पुढे काय होऊ शकतं, किती वेळात, आणि ते कसं टाळता येईल, हे सगळं एका शब्दासोबत येतं. भावनेला वेळ असतो, तिला टप्पे असतात, हे व्याकरणाच्या कुठल्याही काळाने जे सांगता येत नाही ते एक पातेलं सांगून जातं.

आणि पातेलं नीट पाहिलं तर ते या शब्दांपेक्षा जास्त सांगतं. पाणी आचेवर ठेवून शेजारी उभं राहून बघा. आधी तळाला आणि कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे चिकटतात. ती वाफ नव्हेच, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. नंतर आवाज सुरू होतो. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वर निघतात, वरच्या थंड पाण्यात सापडून मिटून जातात, आणि त्या मिटण्याची ती सूंऽऽ. पंच्याऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास पाणी नुसतं थरथरत असतं. इंग्रजी स्वयंपाकी ज्याला ‘सिमर’ म्हणतात ते हेच. मग सगळं पाणी सारखं तापतं, बुडबुडे न मिटता वरपर्यंत पोचतात आणि आवाज उलट खाली येतो. सगळ्यात जास्त गलका उकळी फुटायच्या आधीचा. खरी उकळी त्या मानाने गंभीर असते. त्यातही एक गंमत अशी की समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळायला लागलं की त्यानंतर आच कितीही वाढवा, ते आणखी तापत नाही. फक्त लवकर आटतं.

माझ्या ओळखीत असे एक गृहस्थ आहेत की जे खरे संतापले की हळू बोलायला लागतात. त्यांच्या हाताखालची माणसं त्यांच्या आरडाओरड्याला भीत नाहीत. आवाज खाली आला की मात्र सगळे आपापल्या खुर्चीत सरळ बसतात.

‘बॉइल ओव्हर’ची गोष्ट तर आणखी निराळी. नुसतं स्वच्छ पाणी सहसा उतू जात नाही. उतू जातं ते दूध, नाहीतर पिठूळ पाणी. दुधातली प्रथिनं वर साय धरतात, बुडबुड्यांभोवती चिवट पापुद्रा तयार होतो, वाफेला वाट मिळत नाही आणि मग तो सगळा फेस एकजुटीने कडेवरून खाली येतो. म्हणजे उतू जाणं हे आचेवर जितकं अवलंबून, तितकंच भांड्यात काय आहे त्यावर. एकाच बैठकीत, एकाच टोमण्यावर एकजण नुसता तापतो आणि दुसरा उतू जातो. इंग्रजी वाक्प्रचार याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याच्या लेखी सगळ्या भांड्यांत एकच द्रव असतो.

आता हे सगळं रूपक आहे असं आपण आज म्हणतो. पण यातले बरेचसे शब्द जन्मले तेव्हा रूपक नव्हते. ‘सीद’ हे जुन्या इंग्रजीतलं रोजचं, चुलीपाशी वापरायचं क्रियापद. अर्थ एवढाच, उकळून शिजवणं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी आज्ञा आहे, तिथे हाच शब्द आहे. त्याचं भूतकालवाचक रूप ‘सॉडन’. मूळ अर्थ ‘शिजलेलं’, आज पावसात चिंब भिजलेल्या कोटाला लावतात. ‘बॉइल’ फ्रेंचमधून आला आणि त्याने स्वयंपाकघरातली जागा बळकावली. ‘सीद’च्या हातात मग फक्त मनुष्याचा राग उरला. नोकरी गेलेल्या आचाऱ्यासारखा तो आता फक्त आठवणीतलं काहीतरी ढवळत बसतो.

पण हा शब्द भावनेकडे वळला तो पहिल्यांदा रागासाठी नव्हे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात, ज्याचं हस्तलिखित सुमारे हजार वर्षांपूर्वीचं आहे, डेन लोकांचा राजा ह्रोथगार ग्रेंडेल नावाच्या राक्षसापुढे हतबल झालेला आहे. रात्र पडली की राक्षस दरबारात शिरतो आणि झोपलेली माणसं खातो. राजा काय करतो? कवी म्हणतो, तो आपली चिंता अखंड ‘सीद’ करत राहिला. राजा ‘चिंतेने शिजला’ नाही, त्याने चिंता शिजवली. कर्ता तो, कर्म ती. माझं लक्ष त्या ओळीवरून हलत नाही, कारण पुढे इंग्रजीने हा आचारी कुठेतरी हरवला. ‘शी वॉज सीदिंग’ म्हणतात तेव्हा ती काय शिजवते आहे याचा पत्ता नसतो. तीच भांडं, तीच पदार्थ, आणि आच कोणी लावली कोण जाणे.

त्याच काव्यात ग्रेंडेलने झोपेतली पंधरा माणसं खाल्ली तिथे क्रियापद आहे ‘फ्रेटन’, अधाशासारखं गिळणं. जर्मनमध्ये जनावराच्या खाण्याला अजून त्याच कुळातला शब्द आहे. इंग्रजीत त्याचं आजचं रूप ‘फ्रेट’. मुलीला घरी यायला उशीर झाला की आई करते ते. आजीला ‘डोंट फ्रेट’ म्हणणाऱ्या नातवाला ठाऊक नसतं की तो राक्षसाचं क्रियापद वापरतो आहे. पश्चात्तापाचा ‘रिमोर्स’ही दातांचाच, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा चावणं. राग माणसाला शिजवतो आणि काळजी त्याला खाते, असं काहीसं कामाचं वाटप इंग्रजीने करून ठेवलेलं आहे.

उच्चभ्रू भावना मात्र लॅटिनमध्ये उकळतात. ‘फर्व्हंट’ प्रार्थना, देशप्रेमाचा ‘फर्व्हर’, यांच्या मुळाशी ‘फर्व्हेरे’ म्हणजे उकळणं आहे. उत्साहाने ओसंडणारा माणूस ‘इबुलियंट’, म्हणजे शब्दशः उकळून बाहेर आलेला. बुडबुडे तेच, पातेलं तेच. पण एकाला चर्चमध्ये बसवलं, दुसऱ्याला मेजवानीला बोलावलं, आणि गावठी ‘सीद’ला ठेवलं भांडणापुरतं. शब्दांतही जातपात असते ती अशी.

हे सगळं भांडं मुळात आलं कुठून? बरंचसं ग्रीकांकडून. ॲरिस्टॉटलने आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात रागाच्या दोन व्याख्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. तर्काने चालणारा म्हणेल, राग म्हणजे उलट दुखवण्याची इच्छा. निसर्गाचा अभ्यासक म्हणेल, राग म्हणजे हृदयाभोवतीच्या रक्ताचं उकळणं. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्यानं या समजुतीला वैद्यकाचं रूप दिलं आणि पुढची हजार-दीड हजार वर्षं युरोपातले वैद्य तेच शिकले. अन्न पोटात ‘शिजतं’, मग यकृतात पुन्हा शिजून त्याचे शरीरातले निरनिराळे रस होतात. नीट शिजलं तर चांगलं रक्त, जास्त तापलं तर पिवळं पित्त, करपलं तर काळं पित्त. पचनाला ग्रीक शब्दच शिजण्याचा होता. ‘डिस्पेप्सिया’ म्हणजे शिजण्यात झालेला बिघाड. १६२१ साली रॉबर्ट बर्टनने विषादावर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यात करपलेल्या रसांचा विषाद हा एक वेगळा प्रकारच आहे. भांड्याच्या बुडाला लागून काळं झालेलं, खरवडूनही न निघणारं.

म्हणजे त्या माणसांसाठी ‘माझं रक्त उकळतंय’ ही लिहिण्यातली लकब नव्हती. तो आजाराचा अहवाल होता. वैद्यकशास्त्र पुढे निघून गेलं, रसांची कल्पना मोडीत निघाली आणि शब्द तेवढे मागे राहिले, बिऱ्हाड हललं तरी भिंतीवर राहिलेल्या खिळ्यांसारखे.

ते शब्द इतके सुटे नाहीत, त्यांच्यामागे एक अख्खं चित्र आहे, हे १९८०च्या दशकात जॉर्ज लेकॉफ आणि झोल्तान कोव्हेचेश या दोन भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं. अमेरिकन इंग्रजीतले रागाचे वाक्प्रचार गोळा करून त्यांनी म्हटलं, यातले बहुतेक एकाच आकृतीत बसतात. शरीर हे बंद भांडं, राग हा त्यातला तापणारा द्रव. तापला की वर चढतो, वाफ होते, दाब वाढतो, झाकण उडतं. गंमत अशी की हे चित्र सगळ्या जगाचं नाही. चिनी भाषेत राग तापलेला द्रव नसून ‘ची’ नावाचा वायू आहे. रागावणं म्हणजे तो वायू निर्माण होणं. आणि खुद्द इंग्रजीतही ते सदासर्वकाळ नव्हतं. जुन्या इंग्रजीत राग वारंवार दिसतो तो फुगण्याच्या रूपात. संतापलेला योद्धा तापत नाही, टम्म फुगतो. त्या फुगण्याचा जुना शब्द आणि आजचा ‘बेली’, म्हणजे पोट, एकाच कुळातले. मराठीत राग फुगतोही आणि खदखदतोही, आपण दोन्ही घरचे पाहुणे.

माझा खरा आक्षेप पुढच्या वळणावर आहे. कधीतरी हे पातेलं स्वयंपाकघरातून उचलून कारखान्यात नेलं गेलं आणि तिथे सगळा घोटाळा झाला. ते कुठे घडलं याची मला एक जागा सापडली आहे. इतिहासकार याला मान्यता देतील असं नाही, पण मला ती आवडते. १६७९ साली देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे आपलं ‘डायजेस्टर’ ठेवलं. जाड धातूचं भांडं, घट्ट बसणारं झाकण, आत वाफेचा दाब. हाच प्रेशर कुकरचा मूळपुरुष. नावाकडे लक्ष द्या: पचवणारा. म्हणजे गेलनचं शिजणारं पोट इथे धातूचं होऊन आलं. १६८२च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या काही सदस्यांना या भांड्यातलं जेवण वाढलं गेलं आणि जॉन एव्हलिनने रोजनिशीत लिहून ठेवलं की गायीबैलांची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती. भांडं फुटू नये म्हणून पापँने झाकणाला एक झडप बसवली. दाब फार वाढला की ती आपोआप उचलली जाऊन जादा वाफ बाहेर जाई. त्याच वाफेचा विचार करत करत १६९० साली त्याने दट्ट्याचं इंजिन कल्पिलं. स्वयंपाकघर आणि इंजिनघर यांच्यामधली भिंत या एका माणसाच्या टेबलावर पडली.

पुढे बाष्पयंत्रं आली, आगगाडी आली, आणि इंग्रजी राग चुलीवरून उतरून बॉयलरमध्ये जाऊन बसला. ‘लेट ऑफ स्टीम’ म्हणजे वाफ सोडणं, ‘ब्लो अ गॅस्केट’ म्हणजे दाबाने सांध्यातली चकती उडणं, ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ म्हणजे पापँची ती झडप. फरक वरवर किरकोळ वाटतो, आहे मात्र मोठा. चुलीवरचं भांडं खदखदायला लागलं की पहिला हात जातो तो आचेकडे. बॉयलरची आग विझवली तर गाडीच थांबेल, म्हणून तिथे आगीला हात लावत नाहीत, वाफ सोडतात. रूपक बदललं तसा उपायही बदलला. आता रागावलेल्या माणसाला कोणी ‘आच कमी कर’ म्हणत नाही. ‘मोकळा हो’ म्हणतात. मनात ठेवू नकोस, फुटशील.

मानसशास्त्राने या समजुतीवर शिक्का मारला. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी हिस्टेरियावर पुस्तक काढलं. त्यात दाबून राहिलेली भावना बोलून बाहेर काढली की रोगी सुटतो असा विचार होता. ब्रॉयरची ती प्रसिद्ध रुग्ण, पुस्तकात जिचं नाव ॲना ओ. आहे, तिला आजारात काही काळ आपली जर्मन बोलता येईना, ती इंग्रजीच बोले. या उपचाराला तिने इंग्रजीतच दोन नावं दिली. एक गंभीर, ‘टॉकिंग क्युअर’. दुसरं थट्टेतलं, ‘चिमनी स्वीपिंग’, धुराडं झाडणं. थट्टेतलं नाव मला जास्त नेमकं वाटतं. धुराडं साफ केल्याने खालची आग विझत नाही, उलट ती चांगली पेटते.

माझी एक मैत्रीण आहे. तिचं कोणाशी वाजलं की ती मला फोन करते, आणि तिच्याच शब्दांत सांगायचं तर ‘व्हेंट’ करते, म्हणजे आतली वाफ सोडते. मी कान देऊन ऐकते, मैत्रीत तेवढं चालतंच. पण ऐकता ऐकता एक गोष्ट दिसायला लागली. पहिल्या वेळी ती सांगते तेव्हा समोरच्या माणसाने फक्त खुर्ची मागे सरकवलेली असते. संध्याकाळी दुसऱ्या कोणाला सांगते तेव्हा त्याने खुर्ची आपटलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मला सांगताना तो खुर्ची आपटून हसलेलाही असतो. ती खोटं बोलत नाही. प्रत्येक सांगण्यात ती तो प्रसंग पुन्हा आचेवर ठेवते आणि प्रत्येक वेळी तो थोडा आणखी आटून दाट होतो. “अगं, बोलले म्हणून बरं वाटलं,” असं शेवटी म्हणते, आणि त्या वाक्याच्या वेळीही तिचा श्वास लागलेला असतो.

२००२ साली ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर एक प्रयोग केला. सहाशे विद्यार्थी घेतले, त्यांच्याकडून निबंध लिहवून घेतले आणि दुसऱ्या कोणाच्या नावाने त्या निबंधांवर जहरी शेरे मारून त्यांना मुद्दाम चिडवलं. मग काहींना शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून ठोसे मारायच्या पिशवीवर हात साफ करायला सांगितलं. काहींनी ठोसे मारले, पण व्यायामाचा विचार करत. उरलेले नुसते शांत बसले. ज्यांनी माणूस डोळ्यांसमोर आणून ठोसे मारले तेच शेवटी सगळ्यांत चिडलेले निघाले. नुसते बसून राहिलेल्यांचा आक्रमकपणा सगळ्यांत कमी. पुढे २०२४ साली बुशमन आणि सोफी क्येर्विक यांनी १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. निष्कर्ष असा की शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टी, खोल श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं, यांनी राग उतरतो. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही. राग घालवायला धावायला जाणाऱ्यांचा तर त्यात पार विरस आहे. जॉगिंगने राग वाढण्याकडेच कल दिसला.

म्हणजे चूल बरोबर होती, बॉयलर चुकला होता. झाकणाशी खेळू नका, आच बारीक करा. हे एखाद्या मध्ययुगीन स्वयंपाक्याने प्रयोगशाळेशिवाय सांगितलं असतं.

रूपकं खरी निघतात असा अर्थ मात्र यातून काढू नये. २००८ साली एक संशोधन फार गाजलं होतं. हातात गरम कॉफीचा पेला धरलेली माणसं अनोळखी माणसाला जास्त ‘वॉर्म’, म्हणजे प्रेमळ ठरवतात, असं त्यात म्हटलं होतं. भाषेतली ऊब आणि हातातली ऊब एकच, असं वाचून माझ्यासारख्या शब्दवेड्यांना आनंदाचं भरतं आलं. पुढे इतरांनी जास्त माणसं घेऊन तो प्रयोग पुन्हा केला तर तसं काही आढळलं नाही. भाषा काय म्हणते यावरून शरीर काय करतं हे ठरवायला गेलं की असं तोंडघशी पडायला होतं. रूपक पडताळून घ्यावं लागतं, आणि प्रत्येक रूपक वेगळं.

एका शब्दाला मात्र मी सगळ्यांत वर बसवीन. ‘रँकर’. मनात धरून ठेवलेला आकस. तो चुलीपाशी नाही, फडताळात सापडतो. त्याचं आणि ‘रँसिड’चं मूळ एक, खवट होणं. तेलाला किंवा लोण्याला खवट व्हायला आच लागत नाही. हवा लागते, उजेड लागतो, आणि वेळ. कोणी काही केलेलं नसतं, डबा नुसता उघडा राहिलेला असतो. उकळणाऱ्या रागाला निदान आवाज आहे, आकस कुठल्याही आवाजाशिवाय होतो आणि डबा पुन्हा उघडेपर्यंत कळतही नाही. शिवाय उकळलेलं निवतं. खवट झालेलं पुन्हा ताजं होत नाही. जुन्या भावकीच्या भांडणांकडे पाहिलं की या एका शब्दात किती निरीक्षण भरलेलं आहे ते कळतं.

आता त्या हरवलेल्या आचाऱ्याकडे येते. तो इंग्रजीत निदान चौदाव्या शतकापर्यंत हजर होता, आणि ती एक बाई होती. चॉसर या इंग्रजी कवीने रंगवलेली, बाथ गावची, पाच नवऱ्यांची बायको. तिच्या चौथ्या नवऱ्याने बाहेर कोणी ठेवली होती. ही रडत बसली नाही. लोकांशी अशी काही हसूनखेळून वागली की नवरा संशयाने वेडा झाला. तिचे शब्द असे की रागाने आणि मत्सराने मी त्याला त्याच्याच चरबीत तळला. इथे कढई आहे, चरबी आहे, तळला जाणारा आहे आणि झारा हातात घेतलेली ती समोर उभी आहे. सगळी पात्रं आपापल्या जागी. आज हाच वाक्प्रचार ‘लेट हिम स्ट्यू इन हिज ओन ज्यूस’ असा उरला आहे. तळणं जाऊन शिजणं आलं, आणि मुख्य म्हणजे ती बाई गेली. कोणीतरी कोणाला तरी शिजत ठेवतं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत निघून जातं.

कोणी कोणाला शिजवलं हे सांगायची जबाबदारी टाळणं हा मला या सगळ्या आधुनिक शब्दांचा मोठा दोष वाटतो. ‘आय वॉज बॉइलिंग’. बरं, पण शेगडीचं बटण कोणाच्या हातात होतं? बऱ्याचदा दोघांच्या. समोरच्याने पेटवली हे खरं, रात्रभर चालू कोणी ठेवली? त्या दृष्टीने मला ‘बॅक बर्नर’ हा वाक्प्रचार आवडतो. मागच्या शेगडीवर ठेवणं. त्यात निदान कोणाचा तरी हात दिसतो. भांडं टाकून दिलेलं नाही, विसरलेलंही नाही, पुढची जागा दुसऱ्या कशाला तरी हवी आहे म्हणून मागे सरकवलंय.

आणि अलीकडे पोरांच्या इंग्रजीत आचारी परत आलाय. ‘लेट हिम कुक’ म्हणतात. तो काहीतरी भारी करतोय, मधे टोकू नका. त्याच पोरांच्या तोंडी ‘कुक्ड’ म्हणजे कारभार आटोपला, आता काही खरं नाही. क्रियापद एकच, त्यात एकजण शेगडीपाशी उभा आणि दुसरा ताटात.

माझी भाची पेपर देऊन आली की फोन करते. यंदा गणिताच्या दिवशी पहिलंच वाक्य आलं, “मावशी, आय ॲम सो कुक्ड.”

“कोणी शिजवलं तुला?”

“पेपर काढणाऱ्याने! काहीच्या काही काढलाय.” मग जरा थांबली. “म्हणजे, थोडी मीपण. शेवटचे दोन धडे ऑप्शनला टाकले होते.”